भंडारदऱ्याला मुक्काम नेमका कुठे?
कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात जाताना विचारात घ्यायच्या गोष्टी

मे महिन्याचा अखेरचा आठवडा उजाडला की मुंबई, पुणे आणि नाशिक या तिन्ही शहरांतील पर्यटकांचे लक्ष अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाकडे लागते. आधी काजवे, मग धबधबे, पुढे रानफुले आणि थंडीत गडकोट असा वर्षातील सहा-सात महिन्यांचा हंगाम येथे चालतो. बहुतेकांच्या तोंडी या सहलीचे नाव ‘भंडारदरा’ एवढेच असते. मुक्कामाची जागाही त्याच नावाने शोधली जाते आणि जी सापडेल ती घेतली जाते. प्रत्यक्षात हा सारा परिसर म्हणजे १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य आहे. त्याच्या एका टोकाला राज्यातील सर्वोच्च शिखर, दुसऱ्या टोकाला हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि मध्ये धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. एका टोकाच्या गावी उतरून दुसऱ्या टोकाचे दृश्य पाहायला निघालेल्याचा अर्धा दिवस घाटरस्त्यात जातो. म्हणूनच येथे मुक्कामाचे गाव ठरवणे हा सहलीतील पहिला निर्णय ठरतो.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान

ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाचा प्रश्न तुलनेने सोपा असतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी प्रवेशद्वारे ठरलेली असतात. ज्या दारातून सफारीचा परवाना मिळाला, त्या दाराजवळ राहायचे, पहाटे आत जायचे आणि ठरल्या वेळी बाहेर यायचे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनावर काही काळ बंदी घातली होती. त्याच वर्षी मार्गदर्शक तत्त्वे ठरल्यानंतर ती उठली. त्या प्रसंगाने पर्यटकांची संख्या, वाहने आणि वास्तव्य यांचा जंगलावर भार पडतो, ही गोष्ट देशभर चर्चेत आणली.

अभयारण्याची रचना वेगळी असते. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात खासगी हक्क उरत नाहीत. अभयारण्यात मात्र गावे, शेती आणि स्थानिकांचे काही हक्क कायम राहू शकतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड परिसरात महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यामुळे येथे पर्यटक जंगलाच्या बाहेर राहून आत जात नाही, तर थेट जंगलातल्या गावात उतरतो. त्याचा दिवा, त्याची गाडी, त्याचा आवाज आणि त्याचा कचरा हे सारे अभयारण्याच्या आतच पडते. वन विभागाच्या नाक्यावर माणशी व वाहनामागे प्रवेशशुल्क आकारले जाते, ते याच कारणाने. ही पावती जपून ठेवणे सोयीचे असते.

धरणाकाठचे शेंडी

भंडारदरा या नावाने ओळखला जाणारा मुख्य मुक्काम म्हणजे धरणालगतचे शेंडी गाव. प्रवरा नदीवरील विल्सन धरणाचे बांधकाम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पूर्ण झाले. त्यामागे पसरलेल्या जलाशयाला आर्थर लेक असे नाव मिळाले. सुमारे अकरा टीएमसी क्षमतेच्या या जलाशयावर खालच्या भागातील बागायती उभी राहिली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान या धरणाच्या परिसरातच असून खासगी हॉटेलेही येथेच एकवटलेली आहेत.

लहान मुले व वयोवृद्ध सोबत असलेल्या कुटुंबांना शेंडी सर्वाधिक सोयीचे पडते. एसटी येथवर येते, जेवणाचे पर्याय मिळतात आणि रस्ता बरा असतो. धरणाच्या पायथ्याशी पाणी सुटल्यावर दिसणारा अंब्रेला धबधबा चालत जाण्याइतका जवळ आहे. राजूरच्या वाटेवरील रंधा धबधबा सुमारे दहा किलोमीटरवर आहे. मात्र शेंडीत राहून अभयारण्य पाहिले, असे म्हणता येत नाही. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी आणि विशेषतः स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास येथील गर्दी टिपेला पोहोचते. जलाशयाभोवतीच्या रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात आणि पोलिसांना एकेरी वाहतुकीचा आधार घ्यावा लागतो. शांतता हवी असेल त्याने शेंडीत मधल्या वारी मुक्काम करावा किंवा दुसरे गाव पाहावे.

जलाशयाभोवतीची गावे

शेंडीहून निघून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता चाळीस किलोमीटरहून अधिक लांबीचा आहे. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी गावे त्यावर ओवलेली आहेत. या गावांतून घरगुती निवासाची आणि तंबूंची सोय गेल्या काही वर्षांत वाढली आहे. प्रत्येक गावाचा स्वभाव मात्र निराळा आहे.

रतनवाडी हे प्रवरेच्या उगमाकडचे गाव. शिलाहार काळातील मानले जाणारे अमृतेश्वराचे कोरीव मंदिर आणि त्यालगतची पुष्करिणी गावातच आहे. रतनगडाची वाटही येथूनच जाते. मंदिर निवांतपणे पाहायचे, पहाटे गड चढायचा आणि दुपारी परतायचे असा बेत असेल, तर रतनवाडीला पर्याय नाही.

साम्रद हे सांदण दरीचे गाव. दोन कातळभिंतींमधून उतरत जाणारी ही अरुंद घळ पाहायला सकाळी लवकर निघावे लागते. त्यासाठी आदल्या रात्री साम्रदला असणे फायद्याचे ठरते. परंतु ही सोय केवळ कोरड्या ऋतूची आहे. पावसाळ्यात घळीत कोणत्याही क्षणी लोंढा येऊ शकतो आणि दोन्ही बाजूंना चढून जायला जागा नसते. त्या दिवसांत सांदणच्या भरवशावर साम्रदचा मुक्काम ठरवणे चुकीचे. पाणी ओसरल्यावर, दिवाळीनंतरच तो विचार करावा.

घाटघर म्हणजे सह्याद्रीची कडा. येथून कोकण थेट खाली दिसते. वरच्या व खालच्या धरणांतील उंचीच्या फरकावर चालणारा २५० मेगावॉट क्षमतेचा घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प याच ठिकाणी आहे. पावसाचे प्रमाण जिल्ह्यात सर्वाधिक याच पट्ट्यात असते. काही वर्षी मोसमाची बेरीज पाच हजार मिलिमीटरच्या पुढे जाते. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात, कर्जत-जामखेडकडे, शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. घाटघरचा पाऊस अनुभवण्यासारखा खरा. पण दाट धुके, दिवस-दिवस जाणारी वीज आणि तुटक मोबाइल सेवा यांची तयारी ठेवूनच तेथे उतरावे. अंधार पडल्यावर धुक्यातून शेंडीहून घाटघरला गाडी हाकणे टाळावे.

गिरिभ्रमणासाठी आलेल्यांचे मुक्काम

१६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईची रुळलेली वाट बारी गावातून वर जाते. सूर्योदय शिखरावरून पाहायचा असेल तर मध्यरात्रीनंतर चढाई सुरू करावी लागते. अशा वेळी शेंडीतील हॉटेलाचे पूर्ण भाडे भरून त्यातील दोन तासही न झोपता निघण्यात अर्थ नसतो. बारी किंवा जहागीरदारवाडी येथे एखाद्या घरी पाठ टेकणे, उतरल्यावर तेथेच जेवणे आणि पुढे निघणे हा शहाणपणाचा मार्ग होय. नवरात्रात शिखरावरील देवीच्या दर्शनाला परिसरातून मोठी गर्दी होते. त्या दिवसांत जागा आधी सांगून ठेवावी लागते.

हरिश्चंद्रगडाचा विचार तर संपूर्णपणे स्वतंत्र करावा. तो भंडारदऱ्याच्या जोडीने सहज ‘उरकता’ येईल, असा नकाशा पाहणाऱ्याचा समज होतो. पण शेंडीहून राजूरमार्गे पाचनईला पोहोचायला दीड ते दोन तास लागतात. पाचनईची वाट सर्वांत सोपी आणि कमी वेळाची आहे, म्हणून कुटुंबासह जाणाऱ्यांनी तेथेच मुक्काम करावा. पुण्याहून येणाऱ्यांना जुन्नर तालुक्यातील खिरेश्वर जवळ पडते; परंतु तोलार खिंडीची ती वाट लांब आणि अधिक दमवणारी आहे. हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, केदारेश्वराची गुहा आणि कोकणकडा हे सारे एका दिवसात पाहून उतरणे पाचनईच्या वाटेने शक्य असते.

गडमाथ्यावर रात्र काढण्याची हौस अनेकांना असते. जुन्या काळी गिर्यारोहक येथील लेण्यांत मुक्काम करीत. आज त्याच हौशीने शेकडो माणसे एकाच रात्री माथ्यावर जमतात, तेव्हा पाण्याची टाकी दूषित होणे आणि प्लास्टिकचे ढीग साचणे अटळ होते. त्यामुळे माथ्यावरील वास्तव्याचे नियम काळानुसार बदलत गेले आहेत. जाण्यापूर्वी वन विभागाच्या राजूर परिक्षेत्रात अथवा पायथ्याच्या नाक्यावर चौकशी करणे हाच खात्रीचा उपाय. केवळ तंबूवाल्याने ‘चालते’ म्हटले, एवढ्यावर विसंबू नये.

काजव्यांच्या दिवसांत

मुक्कामाच्या निवडीचा जंगलावर सर्वाधिक परिणाम होतो तो काजव्यांच्या हंगामात. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस जोर धरण्यापूर्वी, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर लक्षावधी काजवे एकाच लयीत उजळतात आणि विझतात. हा प्रकाश म्हणजे त्यांची विणीच्या काळातील भाषा आहे. नर उडताना ठरावीक अंतराने चमकतो आणि झुडपात वा पानावर बसलेली मादी त्याला प्रतिसाद देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे असते. तेवढ्यात जोडीदार सापडला नाही, तर पुढची पिढी जन्मत नाही. मादी ओलसर मातीत अंडी घालते आणि अळ्या पाचोळ्याखाली राहून गोगलगायींसारख्या जीवांवर वाढतात.

एवढे समजून घेतले की मुक्कामाचे निकष आपोआप पुढे येतात. झाडाखाली उभी असलेली गाडी आणि तिचे प्रखर दिवे, तंबूंच्या रांगेवर सोडलेल्या विजेच्या माळा, मोबाइलचा फ्लॅश या सर्वांनी ती भाषा पुसली जाते. रस्त्याकडेची माती गाड्यांनी दाबली की त्यातील अंडी व अळ्याही संपतात. म्हणूनच त्या दिवसांत ज्या गावाजवळ काजवे पाहायचे आहेत त्याच गावात मुक्काम करून, अंधार पडण्यापूर्वी गाडी उभी करून, पायी जाणे हा सर्वांत योग्य पर्याय ठरतो. शेंडीत उतरून रात्री आठनंतर गाडीने निघणाऱ्यांची संख्या जितकी वाढते, तितका जलाशयाभोवतीचा रस्ता उजेडाने भरून जातो आणि ज्यासाठी इतक्या दूर यायचे, तेच दिसेनासे होते. अमावास्येच्या आसपासची आणि आठवड्यातील मधली रात्र निवडल्यास दर्शनही चांगले होते आणि गर्दीचा भारही कमी पडतो.

तंबू की घर?

जलाशयाच्या काठी तंबूत राहण्याचे आकर्षण शहरी तरुणांना मोठे आहे. हिवाळ्यात, निरभ्र आकाशाखाली, तो अनुभव सुखावह असतो यात शंका नाही. पण तंबू ठरवण्यापूर्वी काही प्रश्न विचारणे आवश्यक आहे. ती जागा कोणाची? काठावरील काही जमीन जलसंपदा विभागाची, काही वन विभागाची, तर काही स्थानिकांची खासगी आहे. पहिल्या दोन प्रकारच्या जागेत विनापरवाना तंबू उभारला असेल, तर मध्यरात्री उठवले जाण्याची वेळ पर्यटकावर येते. शौचालय आहे काय आणि त्याचे पाणी कुठे जाते? जलाशयाची पातळी वाढत असताना तंबू काठापासून किती दूर आहे? वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्यास आसरा घेण्यासाठी पक्के घर जवळ आहे काय? ध्वनिक्षेपक लावला जातो काय? रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास ध्वनिप्रदूषण नियमांनुसार सर्वत्रच मनाई आहे. अभयारण्यात तर त्याला जागाच नाही. या प्रश्नांची सरळ उत्तरे न देणाऱ्याकडे आगाऊ रक्कम भरू नये.

गावातील घरी राहण्याचा पर्याय साधा असतो. अंगणात वा ओसरीवर अंथरूण, सामाईक शौचालय, तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठले, ठेचा, वरण-भात असा त्याचा थाट. न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ नसतो. चुलीवर तापवलेल्या पाण्याची बादली मिळते. गीझर आणि दूरचित्रवाणी संच यांची अपेक्षा असणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये. त्यातून पाहुणा आणि यजमान दोघेही अवघडतात.

या पर्यायाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. अकोल्याच्या आदिवासी पट्ट्यातील शेती प्रामुख्याने पावसावरच्या भाताची आहे. भात निघाला की अनेक कुटुंबे नारायणगाव-जुन्नरच्या बागायती भागात मजुरीला जातात. काजव्यांचा हंगाम येतो तो नेमका खरिपाच्या तोंडावर, बी-बियाणे आणि खतासाठी रोख पैशाची निकड असते तेव्हा. त्या दोन-तीन आठवड्यांत घरी आलेल्या पाहुण्यांकडून मिळणारी रक्कम त्याच गावात, त्याच मोसमात उपयोगी पडते. शहरातल्या आयोजकाला ठोक रक्कम देऊन आलेल्या पर्यटकाच्या पैशातून गावाच्या वाट्याला किती येते, हे त्या आयोजकावर अवलंबून राहते. म्हणून आयोजकामार्फत जाणाऱ्यांनीही स्वयंपाक, वाटाड्या आणि जागा स्थानिकांची आहे काय, हे आवर्जून विचारावे. जंगल राखल्याने आपले घर चालते, असा अनुभव गावाला आला, तरच जंगल राखण्याला तेथे बळ मिळते.

यजमानाच्या अडचणीही ध्यानात घ्याव्यात. जुलैमध्ये भाताची लावणी सुरू असते आणि सारे घर खाचरात असते. अशा वेळी न कळवता दहाजणांनी येऊन जेवण मागणे योग्य नव्हे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी जपून वापरावे. प्रचंड पाऊस पडणाऱ्या या कातळी प्रदेशात पाणी मुरत नाही, वाहून जाते. जलाशय डोळ्यांसमोर असूनही उंचावरील वाड्यांना तेव्हा पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

अभयारण्याबाहेरचे पर्याय

राजूर, अकोले, घोटी आणि इगतपुरी ही गावे बाहेर असली, तरी काही प्रसंगी तीच बरी ठरतात. पेढ्यांसाठी प्रसिद्ध असलेले राजूर हे बाजाराचे गाव शेंडी आणि पाचनई या दोन्ही दिशांना मध्यवर्ती आहे. दोन दिवसांत दोन्ही भाग पाहायचे असतील तर राजूरला राहणे सोयीचे पडते. प्रकृती नाजूक असणाऱ्यांनीही दवाखाना, औषधाचे दुकान आणि पेट्रोलपंप जवळ असलेल्या अशा गावाला पसंती द्यावी. मुंबईकरांसाठी घोटी-इगतपुरी जवळचे आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून तेथवरचा प्रवास आणखी कमी वेळाचा झाला आहे. त्यामुळे पावसाळ्यातील दिवसभराची सहल करून घोटीला परतणे शक्य होते. मात्र घाटघर किंवा रतनवाडी गाठायचे असेल, तर हा बेत दमवणारा ठरतो.

निर्णयाचा क्रम

एकूण विचार करता, आधी ऋतू, मग पाहायची एक मुख्य गोष्ट, त्यानंतर तिच्या जवळचे गाव आणि सर्वांत शेवटी निवासाचा प्रकार, असा क्रम ठेवला तर निवड चुकत नाही. काजव्यांसाठी मुरशेत, पांजरे, उडदावणे अशा गावांतील घर. जोरदार पावसासाठी शेंडी, आणि तयारी असेल तर घाटघर. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील सोनकी-तेरड्यासाठी रतनवाडी. थंडीत सांदणसाठी साम्रद, शिखरासाठी बारी आणि गडासाठी पाचनई, अशी स्थूल विभागणी करता येईल. एका शनिवार-रविवारी यांतील एकच गोष्ट नीट पाहून होते.

२०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेल्या या जिल्ह्यात काळविटांसाठी राखलेले रेहेकुरीसारखे छोटे अभयारण्यही आहे. कर्जत तालुक्यातील त्या माळरानाला अर्धा दिवस पुरतो आणि मुक्कामाची गरजही भासत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे तसे नाही. येथे रात्र काढल्याशिवाय काजवे दिसत नाहीत, पहाटेचे शिखर गाठता येत नाही आणि पावसाचा आवाज ऐकू येत नाही. ती रात्र कोणत्या गावात, कोणाच्या छपराखाली आणि किती उजेडात काढायची, यावर पुढच्या जूनमध्ये त्या झाडांवर काय दिसेल हे काही अंशी ठरत असते.